गिअर उशिरा का लागतो?

यंत्रांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बहुधा आगगाडीपासून सुरुवात होते. मी आज एका अगदी लहान गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ही गोष्ट एका सेकंदाची आहे. फार तर दोन-तीन सेकंदांची. आपोआप गिअर बदलणारी मोटार आता आपल्या नगर जिल्ह्यातही जागोजागी दिसू लागली आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी अशी मोटार सुरू करावी, दांडा डी या अक्षरावर आणावा, आणि पाहावे तो काय, इंजिन चालू आहे पण गाडी जागची हलत नाही! मालक एक श्वास घेतो, दुसरा घेतो, आणि मग एकदम धक्का बसून गाडी निघते. मालकाच्या मनात पाल चुकचुकते. शेजारी सांगतो, 'गिअर बॉक्स गेला.' गॅरेजवाला मोठा आकडा सांगतो. आणि पुष्कळदा बिचाऱ्या गिअर बॉक्समध्ये फारसे काही बिघडलेलेच नसते.

हा जो उशीर आहे तो कुठून आला, तो ओळखावा कसा आणि दुरुस्त करावा कसा, हे सांगण्याचा माझा विचार आहे. इतिहासाच्या अध्यापकाने मेस्त्रीच्या कामात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या दोन सेकंदांत चाळीस-पन्नास वर्षांची शोधांची परंपरा साठलेली आहे. आणि तिचा एक धागा आपल्या नगरच्या लष्करी छावणीतून गेलेला आहे.

त्यासाठी आपण १९४८ सालाकडे जाऊ. त्या वर्षी १ जूनला राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली. त्याच वर्षी नगरला 'आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल' ही चिलखती दलाची शिक्षणसंस्था उभी राहिली. रणगाड्यांची शाळा मात्र नगरात १९२४ पासूनच होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपल्या सैन्याने काश्मिरातील झोजी ला खिंडीत रणगाडे चढवले. आणि त्याच वर्षीच्या मॉडेलला तिकडे अमेरिकेत ब्यूक कंपनीने 'डायनाफ्लो' नावाचा, क्लचचे पेडल नसलेला गिअर बॉक्स दिला. चार गोष्टी, चार ठिकाणच्या. त्यांना बांधणारा दोर म्हणजे गिअर.

आधी आपली एसटी घ्या. त्या काळच्या जड गाड्या चालवणे हे अंगमेहनतीचे आणि कानाचेही काम होते. गिअर बदलायचा तर क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. याला ड्रायव्हर लोक 'डबल क्लच' म्हणत. दोन दातेरी चाके वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना त्यांचे दात एकमेकांत घालायचे म्हणजे खेळ नव्हे. चुकले की कर्रकन आवाज होई आणि सगळी बस ड्रायव्हरकडे पाही! करंजीच्या घाटात गिअर चुकला तर नुसत्या आवाजावर भागत नसे. तेव्हा गिअर लागायला उशीर होई तो माणसाच्या हातापायांमुळे. दोष कुठे आहे हे शोधावे लागत नसे. तो स्टिअरिंगमागे बसलेला असे.

हा त्रास चुकवण्याचा मार्ग फार पूर्वी सापडला होता. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मधल्या एका दातेरी चाकाभोवती तीन-चार लहान चाके बसवायची आणि त्या सगळ्यांना बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले एक कडे घालायचे. यांचे दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. सूर्य धरून ठेवला तर एक वेग मिळतो, कडे धरून ठेवले तर दुसरा, आणि ग्रहांची चौकट धरून ठेवली तर गाडी उलटी जाते. म्हणजे दात जुळवण्याची कटकटच मिटली. प्रश्न उरला तो एवढाच, की कोणत्या चाकाला केव्हा धरायचे आणि धरायचे कोणी? १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ही धरपकड पायाने होई. पेडल दाबले की एक पट्टा आवळला जाई. इंग्लंडमध्ये वॉल्टर विल्सन या इंजिनिअराने या पद्धतीला पुढे नेले. हे विल्सन म्हणजे १९१६ मध्ये रणांगणावर आलेल्या पहिल्या रणगाड्याच्या जनकांपैकी एक. रणगाडा आणि ग्रहमालेचा गिअर यांची सोयरीक अशी पहिल्यापासूनची आहे.

पायाच्या जागी तेल आले ते जर्मनीतून, आणि तेसुद्धा जहाजासाठी. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते. जहाजाच्या पंख्याला तेवढा वेग सोसत नाही. हेर्मान फॉटिंगर नावाच्या इंजिनिअराने १९०५ साली या अडचणीवर उपाय काढून त्याचे पेटंट घेतले. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकाला वीज द्या. दुसरा नुसत्या वाऱ्यानेच फिरू लागेल. वाऱ्याच्या जागी द्रवपदार्थ घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, आणि मध्ये द्रवाची धार वळवणारे आणखी एक चक्र ठेवा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर तयार झाला. तो वेग कमी करतो आणि जोर वाढवतो. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड न लागता शक्ती पलीकडे जाते.

पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अर्ल थॉम्पसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल गाडीत 'हायड्रा-मॅटिक' हा गिअर बॉक्स आला. त्यात इंजिनाला जोडलेली द्रवाची जोडणी होती, ग्रहमालेचे गिअर होते, आणि पट्टे व क्लच आवळण्याचे काम तेलाच्या दाबाने होई. ड्रायव्हरचा डावा पाय मोकळा झाला. आता हे ध्यानात ठेवा, की इथे तेलाकडे तीन कामे आली. इंजिनाची शक्ती पुढे न्यायची, क्लच दाबून धरायचे, आणि सगळ्या यंत्राला वंगण व थंडावा द्यायचा. घरातल्या एकाच माणसावर सगळा संसार असावा तसे हे आहे. तो आजारी पडला की सगळीकडे अडते.

लगेच महायुद्ध आले. अमेरिकन सैन्याला रणगाड्यांची घाई होती आणि विमानी इंजिनांची टंचाई होती. कॅडिलॅक कंपनीने सुचवले, की आमची मोटारीची दोन इंजिने आणि दोन हायड्रा-मॅटिक गिअर बॉक्स हलक्या रणगाड्यात बसवून पाहा. मोटारीचा नाजूक गिअर बॉक्स रणगाड्यात टिकेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. प्रयोग यशस्वी झाला आणि १९४२ पासून एम ५ स्टुअर्ट हा रणगाडा तयार होऊ लागला. १९४८ च्या नोव्हेंबरात जनरल थिमय्या यांच्या योजनेप्रमाणे सातव्या कॅव्हलरीने झोजी लावर नेले ते याच स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे. त्यांचे बुरूज काढून, ते झाकून, गुपचूप पुढे नेले गेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून दिली. साडेअकरा हजार फूट उंचीवर, बर्फात, रणगाडा पाहून शत्रू चकित झाला. या पराक्रमाचे श्रेय माणसांचे आहे, हे सांगायला नकोच. पण माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गंमत दिसते. डेट्रॉइटच्या श्रीमंतांचा डावा पाय सुखात राहावा म्हणून निघालेली युक्ती थोड्याच वर्षांत हिमालयाच्या खिंडीपर्यंत पोचली होती.

यानंतरचे पान १९६५ चे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तिथे पाकिस्तानकडून जिंकलेला अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा दिसेल. हे संग्रहालय १९९४ मध्ये उघडले. पॅटनमध्ये 'सीडी ८५०' नावाचा गिअर बॉक्स आहे. टॉर्क कन्व्हर्टर, ग्रहमालेचे गिअर, रणगाडा वळवण्याची यंत्रणा आणि ब्रेक हे सगळे एकाच पेटीत. पुढे जाण्यासाठी दोन टप्पे, मागे जाण्यासाठी एक. ८१० अश्वशक्तीचे इंजिन. आणि एम ४८ जातीच्या पॅटनमध्ये ड्रायव्हरसमोर मोटारीसारखे स्टिअरिंगचे चाक! त्याच्यासमोर आपल्याकडे होते शर्मन आणि सेंच्युरियन. या दोघांचेही गिअर ड्रायव्हरने क्लच दाबून हाताने बदलायचे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे हे दोन प्रकार समोरासमोर आले. पाकिस्तानचे जवळजवळ शंभर रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा आपल्या हाती पडले. जिंकलेले पॅटन मांडून ठेवले त्या जागेला लोक 'पॅटननगर' म्हणू लागले.

आता कोणी म्हणेल, की आपोआप गिअर हरले आणि हाताचे गिअर जिंकले. तसे मुळीच नाही. आपल्या सैन्याने शेतात पाणी सोडले होते, उभ्या उसात रणगाडे दबा धरून बसले होते, आणि तोफांचा नेम चांगला होता. अब्दुल हमीदसारखे वीर जीपवरची तोफ घेऊन रणगाड्यांना भिडले होते. विजयाची कारणे ही आहेत. चिखलात रुतलेल्या रणगाड्याला कोणताच गिअर बाहेर काढत नाही. पण पॅटन पाहून एक गोष्ट मनात ठसते ती अशी. यंत्र चालवायला जितके सोपे, तितके ते सांभाळायला अवघड. सेंच्युरियनच्या ड्रायव्हरला शिकवायला वेळ लागे. पॅटनच्या मेस्त्रीला शिकवायला वेळ लागे. कौशल्य नाहीसे झाले नाही. त्याने नुसता मुक्काम हलवला.

आपल्याकडेही तो मुक्काम हलला. १९६५ पासून आवडीला तयार होऊ लागलेल्या विजयंत रणगाड्याचा गिअर बॉक्स विल्सनच्याच घराण्यातला, अर्धा-आपोआप होता. पुढे अर्जुन रणगाड्यात जर्मनीच्या रेंक कंपनीच्या आराखड्याचा, टॉर्क कन्व्हर्टर आणि ग्रहमालेचे गिअर असलेला बॉक्स आला. म्हणजे जे मेस्त्रीचे शास्त्र आज गावातल्या मोटारवाल्याला नवे वाटते, ते छावणीच्या कुंपणाआड फार पूर्वीच येऊन बसले होते. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पण रणगाड्यांचे गाव ही त्याची ओळख तशीच आहे.

बरे, आता आपल्या दोन सेकंदांकडे वळू. दांडा डी वर आणल्यापासून गाडी ओढू लागेपर्यंत आत काय काय घडते? इंजिनाबरोबर फिरणारा पंप खालच्या तेलकढईतून, म्हणजे पॅनमधून, जाळीवाटे तेल ओढतो. एक झडप त्याचा दाब ठरावीक ठेवते. तिथून तेल 'व्हॉल्व्ह बॉडी' नावाच्या भागात जाते. हा भाग म्हणजे अॅल्युमिनियममध्ये कोरलेला भुलभुलैया. असंख्य बारीक वाटा आणि त्यात सरकणाऱ्या झडपा. दांडा हलला की एक वाट उघडते, तेल क्लचच्या मागे असलेल्या पिस्टनपाशी पोचते, तिथली जागा भरते, पिस्टन पुढे सरकतो, मधली फट संपते आणि प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात. मगच गाडी निघते. शिवाय धक्का बसू नये म्हणून दाब जरा सावकाश चढावा अशी योजनाही केलेली असते. तेव्हा थोडा उशीर हा मुळातच ठेवलेला आहे. त्यावरून घाबरायचे कारण नाही.

मग किती उशीर चालतो? तो मोजता येतो. गाडी सपाट जागेवर उभी करावी, पुढे-मागे माणूस नसावा, हँडब्रेक ओढावा आणि पायाचा ब्रेकही दाबून धरावा. तेल गरम झालेले असावे आणि इंजिन मंद चालत असावे. न्यूट्रलवरून डी ला दांडा न्यावा आणि हलका झटका जाणवेपर्यंतचा वेळ घड्याळावर पाहावा. पुन्हा न्यूट्रल, एक मिनिट थांबावे, पुन्हा तेच. असे तीनदा करून सरासरी काढावी. नंतर रिव्हर्ससाठी तसेच. पुष्कळ गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत डी साठी सुमारे १.२ सेकंद आणि रिव्हर्ससाठी सुमारे १.५ सेकंद ही वरची मर्यादा दिलेली आढळते. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानावा.

आकडा जास्त आला तर पाना हातात घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत. जुने दस्तऐवज वाचताना आम्ही जे विचारतो तेच हे प्रश्न आहेत. केव्हा घडते? कुठे घडते? त्याच्या आधी काय घडले होते? आणि साक्षीदार कोण?

पहिला प्रश्न, केव्हा? रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी एकदाच उशीर होतो आणि दिवसभर पुन्हा होत नाही, असे असेल तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल रात्री परत पॅनमध्ये उतरलेले असते. ते अडवणारी झडप नीट बसत नसते. पंपाला आधी ती रिकामी जागा भरावी लागते. गाडी थंड असेतो उशीर आणि गरम झाल्यावर ठीक, असे असेल तर पिस्टनभोवतीची रबरी सीले कडक झाल्याचा संशय घ्यावा. थंडीत ती आखडतात आणि तेल बाजूने निसटते. उष्णतेने फुगली की पुन्हा धरतात. उलट गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर उशीर, म्हणजे तेल पातळ झाल्यावर दाब टिकत नाही. तिथे झिजलेला पंप किंवा झिजलेल्या झडपा यांच्याकडे पाहावे.

दुसरा प्रश्न, कुठे? पुढे जातानाही उशीर आणि मागे जातानाही उशीर असेल, तर दोघांना समाईक असलेले भाग तपासावेत. ते म्हणजे तेलाची पातळी, जाळी, पंप आणि मुख्य दाब. फक्त रिव्हर्सला उशीर होत असेल तर पंपाला दोष देऊ नये. रिव्हर्सचा क्लच किंवा पट्टा आणि त्याच्या तेलाची वाट तपासावी. एका घरात पाणी येत नाही म्हणून कोणी धरण उकरत नाही.

तिसरा प्रश्न, आधी काय घडले? हल्लीच तेल बदलले होते का आणि कोणते घातले? खेड्याच्या वाटेवर दगड लागून पॅन चेपला होता का? चेपलेला पॅन जाळीच्या तोंडाला टेकला की पंपाला तेल मिळत नाही. गाडी टोचन करून आणली होती का? या एका प्रश्नात पुष्कळ काही दडलेले असते. पहिल्या हायड्रा-मॅटिकमध्ये मागच्या बाजूलाही एक पंप होता, तो चाकांनी फिरे; म्हणून ती गाडी धक्का मारून सुरू करता येई. पुढे तो पंप गेला. आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिन बंद म्हणजे पंप बंद. त्यामुळे धक्का स्टार्ट होत नाही. आणि ओढणारी चाके जमिनीवर ठेवून लांबवर ओढत नेली तर आतले भाग तेलाविना फिरून जळतात. आपल्याकडची चार माणसे उतरून धक्का मारायची जुनी रीत इथे कामाची नाही.

आणि चौथा, साक्षीदार. पहिला साक्षीदार तेल. ज्या गाडीला पट्टी असते तिची पातळी तिच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच पाहावी. पुष्कळ गाड्यांत ती सपाट जागेवर, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून आणि दांडा सगळ्या जागी एकदा फिरवून पाहायची असते. पट्टी नसेल तर ठरावीक तापमानाला खालचा बूच उघडून पातळी पाहतात. ते काम जाणत्याचे. तेल कमी असले तर पंप हवा ओढतो. जास्त असले तर ते घुसळून फेस होतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून दोन्ही वेळी पिस्टन उशिरा हलतो. चांगले तेल बहुधा लाल आणि स्वच्छ असते. काळपट आणि करपल्याच्या वासाचे तेल म्हणजे प्लेटा जळल्या. दुधी चहासारखे झाले तर त्यात पाणी शिरले. रेडिएटरमधला तेल थंड करणारा भाग फुटला असेल. दुसरा साक्षीदार प्रेशर गेज. बॉक्सवर त्यासाठी बूच असते. तिथे गेज लावून दाब पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावा. नव्या गाड्यांत संगणकात नोंदलेल्या त्रुटी वाचणे हा तिसरा साक्षीदार. या तिघांच्या जबान्या घेतल्याशिवाय बॉक्स उतरवणे म्हणजे पुरावा न पाहता निकाल देणे होय.

तेलाच्या बाबतीत एक गोष्ट सांगतो. हे तेल साधे वंगण नव्हे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये या कामासाठी खास तेलाचे मान ठरवले. क्लचने पकड धरावी पण झटका देऊ नये, यासाठी त्या तेलात बरीच वर्षे स्पर्म व्हेल या देवमाशापासून काढलेले द्रव्य घालत. १९७० नंतर अमेरिकेत त्या माशाला संरक्षण मिळाले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. सांगायचे कारण असे, की तेलाच्या डब्यावरच्या नावाला अर्थ असतो. 'सगळी तेले सारखीच' असे म्हणून मिळेल ते ओतले, तर क्लचची पकड बदलते आणि नसलेला रोग जडतो.

आता दुरुस्ती. तिचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. आधी पातळी नीट करावी आणि गळती बंद करावी. मग दांड्यापासून बॉक्सपर्यंतची तार किंवा सळी पाहावी. ती ढिली असली तर आतली झडप अर्धवटच उघडते. नंतर पॅन उतरवून जाळी बदलावी. पॅनच्या तळाशी, विशेषतः तिथल्या चुंबकावर, थोडा राखाडी लेप असतो तो झिजेचा. चकाकते लोखंडी तुकडे सापडले तर मात्र गोष्ट गंभीर. एवढ्यानेही उशीर गेला नाही तर व्हॉल्व्ह बॉडी उतरवून साफ करावी, अडकणाऱ्या झडपा आणि सोलेनॉइड पाहावेत. हे काम धुळीत होत नाही. धागे सुटणारा चिंधीचा बोळा तर तिथे वापरूच नये. एक धागा झडपेत अडकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

व्हॉल्व्ह बॉडी उतरवलेली असताना जाणता मेस्त्री एक सुंदर परीक्षा घेतो. प्रत्येक क्लचच्या तेलवाटेत तो बेताने कॉम्प्रेसरची हवा सोडतो. सील चांगले असेल तर आतून 'थप्' असा स्पष्ट आवाज येतो. नुसते फुसफुसले तर सील गेले. बॉक्स न खोलता कोणता क्लच आजारी आहे हे कळते. मग खोलणे भागच असेल तर नवी सीले, नव्या प्लेटा. प्लेटा बसवण्याआधी त्याच तेलात भिजवून ठेवायच्या आणि मधली फट मोजून पुस्तकाप्रमाणे ठेवायची. कडक झालेले सील आणि जळलेली प्लेट तेल बदलून बरी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. अशा गाडीत नवे तेल घातल्यावर बॉक्स बंद पडला, की लोक नव्या तेलाला शिव्या देतात. दोष आधीचाच असतो.

मालकासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाची सूचना साधी आहे. गिअर लागायची वाट पाहत असताना रेस देऊ नका. अर्धवट दाबलेल्या प्लेटा वेगाने घासल्या तर त्या जळतात, आणि जो दोष जाळी बदलून गेला असता तो सबंध बॉक्स खोलण्यापर्यंत जातो. शिवाय गाडी एकदम झेपावते. माळीवाड्यासारख्या गर्दीच्या जागी किंवा माळशेजच्या चढावर असा झेपावा जिवाशी गाठ घालतो. चढावर दांडा डी वर असूनही गाडी मागे घसरू लागली तर ब्रेक दाबून धरा आणि गाडी बाजूला घ्या. तिला तसेच हाकत घाट चढवण्याचा हट्ट नको.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. आपण ज्याला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतो ती सगळी एका जातीची नसते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एक स्वस्त प्रकार पसरू लागला. त्यात गिअर बॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. म्हणजे एसटीच्या जुन्या ड्रायव्हरचे हातपायच जणू पेटीत बसवले आहेत. तिथे उशीर झाला तर टॉर्क कन्व्हर्टर शोधू नये, तो तिथे नसतोच. झिजलेली क्लच प्लेट, तिला दाबणाऱ्या यंत्रणेचे तेल किंवा क्लच कुठे पकडतो याची संगणकातली नोंद तपासावी. दोन पुल्ल्यांमधल्या पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी प्रकार आणखी वेगळा, आणि त्याचे तेलही वेगळे. तेव्हा गॅरेजात शिरताना आधी विचारावे, की माझी गाडी कोणत्या जातीची? ज्याला हा प्रश्न कळत नाही त्याच्या हाती गाडी देऊ नये.

१९४८ च्या एसटी ड्रायव्हरला गिअर कानाने कळत असे, आणि त्याचे ते कसब सगळ्या प्रवाशांना दिसत असे. आपोआप गिअरमुळे ते कसब रस्त्यावरून उठून गॅरेजात गेले, म्हणून ते दिसेनासे झाले एवढेच. आपल्या जिल्ह्यातल्या तरुण मेस्त्रींनी स्टेथोस्कोपसारखे प्रेशर गेज जवळ बाळगावे, हवेची परीक्षा शिकून घ्यावी आणि दुरुस्ती-पुस्तक वाचायची सवय लावावी. मालकांनीही अशा मेस्त्रीला तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत. 'नुसते पाहिलेच ना,' असे म्हणू नये. कारण या दोन सेकंदांच्या बाबतीत नीट पाहणे हीच अर्धी दुरुस्ती आहे.